पायातला जोर

मिस्त्री नुसता शेजारी येऊन उभा राहिला तरी गाडी सुतासारखी सरळ होते, असं बाजारभर बोललं जायचं, आणि मिस्त्रीला ते ऐकायला फार आवडायचं. चाळीस वर्षं ग्रीसमध्ये हात घातलेले. एवढं कौतुक कुणालाही गोडच लागणार. थोरल्या भावाची गाडीसुद्धा त्याला बघून अशीच सरळ व्हायची, आणि तिथेच सगळा घात झाला.

थोरला, म्हणजे दादा, नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेला. रेघ ओढताना श्वास रोखून धरणारा माणूस. चहाचा कप खाली ठेवला तरी आवाज होऊ द्यायचा नाही. निवृत्त झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काहीतरी वेडेपणा केला आणि एक जुनं मोटरहोम घेतलं. चाकांवरचं घरच ते. आत दोन बिछाने, हातभर ओटा, आणि प्रत्येक वळणावर आपोआप उघडणारी कपाटं. वहिनींनी खिडक्यांना पडदे शिवले. समुद्राच्या कडेकडेने चाळीस दिवस जायचं ठरलं. वहिनींनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता.

पण क्लचने घोळ घातला. रोज बिघडणाऱ्या वस्तूचं एक बरं असतं, तिचं दुखणं सापडतं तरी. हा क्लच आठवडाभर शहाण्यासारखा वागायचा, आणि मग एखाद्या सिग्नलला दादाने पेडल दाबून धरलेलं असतानाच ते पायाखाली मऊ पडत खाली बसायचं आणि गाडी आपली पुढे सरकायची. एकदा तर रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारबुवांपासून हातभरावर थांबली. दादाला घाम फुटला. त्याने भावाला फोन केला.

मिस्त्री आला, सीटवर बसला, धप धप दोनदा पेडल मारलं, गिअर टाकला आणि चौकाला फेरी मारून आला. काही म्हणजे काही नाही. क्लचचं तेल भरलेलं, खाली एक थेंब गळती नाही. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी मिस्त्रीचं डोकं फिरलं. जेवणावरून उठून आला होता तो. जमलेल्या बघ्यांसमोर म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे, दादा. तुझ्या पायातला जोर गेलाय. बास कर आता." लोक हसले. मिस्त्रीही हसला. दादाने किल्ली काढून खिशात टाकली.

त्यानंतर तीन वर्षं गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. दादाने स्कूटरही सोडली. जिना उतरताना कठडा धरायला लागला. डॉक्टरांनी पाय वाकवून, ठोकून बघितला, त्यांना काही सापडलं नाही. पण भावाने सांगितलं म्हटल्यावर डॉक्टर कोण? गेल्या वर्षी डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि गाडी चालवायची नाही, असं कायमचं ठरलं. मग घर विकायला काढल्यासारखी ती गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक उद्या येणार होतं, म्हणून मिस्त्रीला एकदा नजर टाकायला बोलावलं.

मिस्त्रीचा डावा गुडघा तेव्हा सुजलेला होता. गॅरेजच्या खड्ड्यात उतरताना पाय मुरगळला होता. इंजिन चांगलं तापल्यावर त्याने कण्हत, हळूहळू, एकदाच पेडल दाबलं आणि गिअर टाकून धरून ठेवलं. पेडल पायाखाली मऊ पडलं, खाली बसलं, आणि गाडी पुढे सरकली.

त्याने ब्रेक मारला. क्षणभर त्यालाही वाटलं, आपलाच पाय गेला.

मग दात-ओठ खात त्याने धप धप दोनदा मारून पाहिलं. क्लच ठणठणीत. पुन्हा हळू दाबलं. बसला. जोरात, ठीक. हळू, बसला. चार-पाच वेळा असं झाल्यावर त्याने इंजिन बंद केलं.

मास्टर सिलेंडर. पेडलमागचा पंप. त्याच्या आतलं रबराचं वायसर झिजलं की हळू दाबल्यावर तेल आतल्या आतच मागे सरकतं. बाहेर थेंब येत नाही. दणका मारला की रबर घट्ट बसतं आणि दुखणं लपतं. बसल्या बसल्या दोनदा पेडल मारायची मिस्त्रीची सवय गॅरेजमधली, चाळीस वर्षांची. म्हणजे पाचही वेळा त्याने आधी रोग दडवला आणि मग तपासणी केली. दादाचा पाय हळू होता, कारण दादाचं सगळंच हळू होतं. त्या गाडीचं खरं दुखणं एकट्या त्याच पायाला कळलं होतं. मिस्त्रीला स्वतःची शिसारी आली.

तसला सिलेंडर गॅरेजमध्ये पडलेला होता. गुपचूप बदलला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मिस्त्रीच्या मनात ते आलं, नाही असं नाही. तेवढ्यात दादा कठडा धरत पायऱ्या उतरून आला.

"काय रे छोट्या, सापडलं काही?"

"इथे बस, दादा," मिस्त्री खाली उतरत म्हणाला. त्याने इंजिन सुरू करून दिलं. "गिअरमध्ये टाकू नकोस. नुसतं दाब. तुझ्या पद्धतीने."

दादाने दाबलं. पेडल खाली बसलं. त्याने पाय काढला, पुन्हा दाबलं.

"हेच," तो म्हणाला. "हेच व्हायचं."

"पंप गेलाय आतून. पहिल्यापासूनच. तुझ्या पायाला काही झालेलं नव्हतं."

दादाने वाकून पेडलकडे पाहिलं, जेवढं दिसत होतं तेवढं.

"किती वेळाचं काम आहे?"

"दीड तास," मिस्त्री म्हणाला. "मला शिव्या घाल, दादा. काहीतरी बोल."

"तुझी वहिनी तेव्हाच म्हणाली होती. तुमचा पाय चांगला आहे, दुसऱ्या कुणाला तरी गाडी दाखवू या. मी ओरडलो तिच्यावर. लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हटलं, माझ्या भावापेक्षा तुला जास्त कळतं का? त्यानंतर तिने समुद्राचं नाव काढलं नाही."

"मी जाऊन सांगतो त्यांना. पाया पडतो."

"नको. ओरडलो मी होतो."

दादा आत गेला. स्वयंपाकघरातून त्याचा हळू आवाज येत राहिला, मग तोही थांबला. मिस्त्रीला वाटलं, आता रडणं तरी ऐकू येईल, नाहीतर भांडं आपटल्याचा आवाज. काहीच आलं नाही.

थोड्या वेळाने वहिनी दारात आल्या. हात पदराला पुसत त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा दिराकडे.

"भाऊजी, तेवढं नीट करूनच द्या," त्या म्हणाल्या. "उद्या येणाऱ्यालाही बायको असेल."