आठ इंच सिमेंटच्या खालून

मी पाण्याच्या लाइनीवरचा एक व्हॉल्व्ह. आवाज दबका वाटला तर समजून घ्या. तीन वर्षं अंगावर आठ इंच काँक्रीट घेऊन पडलो होतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी असतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं, तर बाकीची गावं हात झटकून मोकळी होतील.

चौतीस वर्षांपूर्वी मला राइस मिलमागच्या गल्लीच्या तोंडाशी बसवलं. भोवती विटांचं चेंबर, वर लोखंडी झाकण. व्हॉल्व्हमन छोटेलाल रोज सकाळी सहाला सायकलवर यायचा, लांब दांड्याची चावी मला लावायचा आणि चौदा आटे फिरवायचा. पन्नास घरांत पाणी पोचायचं. साडेसातला पुन्हा चौदा आटे, की बंद.

मी नेमका कुठे आहे, हे पाणीपुरवठा कार्यालयातल्या नकाशावर चुकीचं होतं आणि छोटेलालच्या डोक्यात बरोबर. तो निवृत्त झाला तेव्हा त्याला शाल दिली, नारळ दिला. त्याच्या डोक्यातलं कागदावर उतरवून घ्यावं, हे कोणालाही सुचलं नाही. त्याच्या जागी माणूसही नेमला नाही. मला कायमचं उघडं ठेवलं आणि पाणी थेट टाकीवरूनच सोडू लागले.

मग गावात सुधारणा आली. आधी सिमेंटचा रस्ता, मागून गटारलाइन. जे जमिनीखाली जायचं ते मागून, आणि जे वर यायचं ते आधी. रस्ता ओतणाऱ्यांनी माझं झाकणसुद्धा वर उचललं नाही. सरळ माझ्यावर काँक्रीट ओतलं आणि पाटा फिरवला. नवा रस्ता फोडायचा नाही, म्हणून गटाराचा पाइप कडेनं, माझ्या पाइपाला खेटून टाकला. खोदताना जेसीबीचा दात लागून माझ्या पुढचा पाइप कुठेतरी तडकला. त्यांनी माती लोटली, फोटो काढला आणि निघून गेले.

पाणी बंद झालं की रिकामा पाइप त्या फटीतून गटार आत ओढतो. सकाळी तेच नळाला येतं. मी एकटा ते थांबवू शकत होतो, आणि माझ्याच तोंडावर सिमेंट होतं.

गल्लीत विड्या वळणारी शामकला राहते. तिच्या सुनेला, खुशबूला, सातव्या महिन्यात कावीळ झाली. तिला गोंदियाला भरती केलं. शामकला नळाचं पाणी बाटलीत भरून कार्यालयात गेली. साहेब म्हणाले, "उकळून प्या."

"टँकर द्या ना, साहेब."

"नळ चालू असलेल्या गल्लीला टँकर देता येत नाही. तसा नियम आहे."

"मंग नळ बंद करा."

बंद कसा करणार? व्हॉल्व्हच सापडत नव्हता.

नवीन अभियंता दामिनीनं नकाशा घेऊन टेप लावला. दोन ठिकाणी रस्त्याला भोकं पाडली. खाली नुसती माती. शेवटी ती छोटेलालच्या घरी गेली. तो सकाळी, पाणी सुटायच्या वेळी, जुनी चावी घेऊन आला. चावी रस्त्यावर उभी धरली आणि वरच्या टोकाला कान लावला. माझ्यातून पाणी घासून जातं, तो आवाज लोखंडातून वर चढतो. चार पावलं इकडे, दोन तिकडे, आणि तो थांबला.

"काका, नक्की इथंच?"

"तीस वर्सं याचा कान पिरगळला मी, बाई. इथंच हाय."

ठेकेदाराचा सुपरवायझर भुपेंद्र धावत आला. "मॅडम, रोड नहीं कटेगा. पाँच साल की गॅरंटी है."

शामकला पुढे झाली. "तुह्या रोडाले गॅरंटी हाय. माह्या सुनेले कोन देते?"

दामिनीनं रस्ता कापायच्या पत्रावर स्वतःची सही केली. कापताना जुनं चेंबर ढासळलं, झाकण फुटलं, पण दुपारी मला ऊन दिसलं. गंजून मी जाम झालो होतो. छोटेलालनं रॉकेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, चावीला रस्ता कापणारे दोघं लोंबकळले. चौदाव्या आट्याला मी मिटलो. नळ कोरडे पडले म्हणून बायका खूश झालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. संध्याकाळी टँकर आला.

आज सकाळी भुपेंद्र मिक्सर घेऊन आला आहे. खड्डा बुजवायला. पुन्हा माझ्यावरच ओतायचं आहे त्याला.

पण शामकला पोतं अंथरून, पाय माझ्या खड्ड्यात सोडून बसली आहे. मांडीवरच्या सुपात तेंदूची पानं, हात विड्या वळतायत.

"उठो मावशी, गाडी खडी है."

"आगुदर चेंबर बांध. झाकण बसव. मंग उठीन."

"चेंबर एस्टिमेट में नहीं है."

"मी बी नाही तुह्या एस्टिमेटात. तरी बसली हाय ना?"

परवा खुशबूला दवाखान्यातून सुट्टी मिळणार आहे. फट अजून सापडलेली नाही. ती सापडेपर्यंत मला मिटून राहायचं आहे, बुजली की पुन्हा उघडायचं आहे, आणि ते माझ्यापर्यंत कोणाचा तरी हात पोचला तरच होईल.

मला रंग नको, नावाची पाटी नको. विटांच्या चार भिंती आणि उचलता येईल असं एक झाकण द्या. आणि ते होईपर्यंत शामकलाला तिथून उठवू नका.