आठल्यांची शस्त्रसज्जता

चेन्नईजवळच्या तांबरमच्या बाजारात भर सकाळी हेमलताच्या गळ्यातलं मंगळसूत्र चोरानं खेचलं, तेव्हा तिचा नवरा पुरुषोत्तम आठल्ये तिच्या शेजारीच उभा होता, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन. मोटारसायकल वळली, हात लांबला, साखळी तुटली आणि पुरुषोत्तमच्या तोंडून एवढंच निघालं, "अहो! अहो, हे काय!"

मंगळसूत्र मुलाम्याचं होतं, त्यामुळे हेमलताला त्याचं दुःख फारसं झालं नाही. गोष्ट मात्र तिला लाखमोलाची मिळाली. बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला ती साभिनय सांगत सुटली. "लग्न झाल्यापासून मी यांना अहो म्हणतेय. आणि यांनी ते उचलून चोराला दिलं!"

पुरुषोत्तम अंबत्तूरच्या एका मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला होता. नाशिकहून इथे येऊन तीन वर्षं झाली, तरी त्याचं तमिळ भाजी आणि रिक्षा यांच्यापुढे गेलं नव्हतं. आपली बायको आपण राखू शकत नाही, ही गोष्ट त्याला आतून कुरतडू लागली. रजा काढून तो बंदुकीच्या परवान्याची चौकशी करायला पोलीस ठाण्यात गेला. तिथल्या इन्स्पेक्टर कनका बाईंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्या जिवाला धोका नेमका कुणापासून आहे?"

"तसं सांगता येणार नाही."

"मग कळलं की या."

बंदूक हुकल्यावर त्याने एक जाडजूड बांबू आणला आणि मिरचीच्या फवाऱ्याची डबी मागवली. फवारा गच्चीवर मारून पाहिला, तर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यानं तो थेट वरच्या मजल्यावरच्या विद्यालक्ष्मीबाईंच्या वाळत घातलेल्या वडामांवर, म्हणजे तांदळाच्या पापड्यांवर, नेऊन टाकला. यंदाचे वडाम फार झणझणीत झालेत, असं पुढे सगळे म्हणत होते.

विद्यालक्ष्मीबाईंचे यजमान सुंदरराव तंजावरकडचे. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं मराठी घराणं. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक तलवार होती. पुरुषोत्तमची तयारी पाहून ते म्हणाले, "काय म्हणून इतके भितां? आमचे वाडवडील ही तरवार घेऊनच इकडे आले." पुरुषोत्तमनं तलवार उपसून बघायची परवानगी मागितली. दोघांनी दोन बाजूंनी ओढली. म्यान हलेना. "अय्यो, गंजली की हो," असं म्हणून सुंदररावांनी ती पुन्हा खिळ्याला अडकवली.

काही दिवसांनी सुंदरराव आणि विद्यालक्ष्मीबाई लग्नाला कुंभकोणमला गेले. घराकडे लक्ष ठेवायला आठल्यांना सांगितलं होतं. शनिवारी दुपारी पुरुषोत्तम वर फेरी मारायला गेला, तर कुलूप तुटलेलं, दार लोटलेलं आणि आत पंखा चालू!

तो पाय न वाजवता खाली आला. बांबू घेतला, डबी घेतली, हेमलताला म्हणाला, "पोलिसांना फोन कर."

"तुम्ही कुठे जाऊ नका हं!"

पण तिचं वाक्य संपायच्या आत तो जिना चढत होता. भीती होतीच; मात्र त्या शेंगांच्या जुडीची आठवण त्याहून वाईट होती.

आत पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस तलवार उपसायचा आटापिटा करत होता. पुरुषोत्तमला पाहताच त्यानं ती म्यानासकट उगारली. पुरुषोत्तमनं डबी पुढे धरून दाबली आणि सोडलीच नाही. उकाड्यानं कासावीस होऊन चोरानं पंखा पाचवर लावून ठेवला होता. त्या पंख्यानं आपपरभाव न ठेवता मिरची सगळ्या खोलीला सारखी वाटली. चोर ठसकला, पुरुषोत्तम ठसकला, तलवार खाली पडली, चोर भिंतीशी मटकन बसला.

पुरुषोत्तमनं दोन्ही हातांनी बांबू वर नेला. वाहत्या डोळ्यांतून त्याला खाली एक डोकं दिसलं. मधोमध टक्कल, कडेचे केस तेल लावून नीट विंचरलेले. माणसानं डोक्यावर हात घेतले आणि डोळे मिटले. "वेण्डा सार," तो म्हणाला. नको साहेब.

इतके दिवस पुरुषोत्तम मनातल्या मनात चोरांना बदडत होता. त्या चोरांना खांदे होते, मिशा होत्या, पण त्यातला एकही घरून भांग पाडून आला नव्हता. बांबू वरच राहिला. हात खाली येईचना.

तेवढ्यात बाहेरून कडी लागल्याचा आवाज झाला.

"अगं, मी आत आहे!"

"माहीत आहे! तोही आहे ना आत? मग राहू दे!" हेमलता ओरडली.

करणार काय? दोघं चाचपडत बेसिनपाशी गेले आणि आळीपाळीनं डोळे धुऊ लागले. चोरानं टॉवेल शोधून काढला, आधी पुरुषोत्तमला दिला. कनका बाई शिपायाला घेऊन आल्या, तेव्हा एकाच बेसिनवर दोन माणसं ओक्साबोक्शी रडत होती. शिपायानं बांबूवाल्याची कॉलर धरली.

"तो नाही हो, तो माझा आहे!" हेमलता किंचाळली.

संध्याकाळी त्याच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवताना तिनं हळूच विचारलं, "बांबू हातात होता. मारलं का नाहीत?"

"त्यानं डोळे मिटले गं," पुरुषोत्तम म्हणाला. "मग मला जमेना."

हेमलतानं घसरलेली चकती सारखी केली. मग त्याच्या कपाळावर तळवा ठेवून म्हणाली, "बरं झालं नाही जमलं ते."

पुढच्या आठवड्यात जबाबावर सही करायला त्याला ठाण्यात बोलावलं. तो माणूस बाकावर बसला होता. पुरुषोत्तमनं इन्स्पेक्टर बाईंना, हाच तो, असं स्पष्ट सांगितलं, सही केली आणि निघाला. तो बाकासमोरून जात असताना त्या माणसानं मान वर केली आणि तमिळमध्ये विचारलं, "डोळे बरे झाले का, सार?"

पुरुषोत्तम थांबला. "झाले," तो आपल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाला. "तुमचे?"