भट्टी मी बंद केली

तीस वर्षं मी बॉयलरवर काम केलं. तापलेलं यंत्र एकटं सोडायचं नाही, हे अंगात मुरलेलं. त्यापायीच मी लेकीच्या प्रयोगशाळेतली भट्टी बंद केली.

ही, म्हणजे लेकीची आई, तेव्हा दवाखान्यात होती, शेवटचे दिवस. लेक तिच्या उशाशी. "बाबा, माझ्या टेबलावरचा चार्जर तेवढा आणा," म्हणाली, म्हणून मी प्रयोगशाळेत गेलो. खोलीत चिटपाखरू नाही आणि कोपऱ्यात कपाटाएवढी भट्टी पंच्याऐंशी अंशांवर तापलेली. बटण दाबलं, चार्जर घेतला, निघालो. चौथ्या दिवशी ही गेली. भट्टीचं मी विसरूनच गेलो.

आठ महिन्यांनी लेक स्वयंपाकघरात पीएचडीच्या भाषणाची तालीम करत होती, तेव्हा कळलं. कॉम्प्युटरची नेहमीची मेमरी नुसतं लक्षात ठेवायलाही सतत वीज खाते. लेकीने बनवलेल्या मेमरीच्या चिपा वीज काढली तरी विसरत नाहीत. ते सिद्ध करायला त्यांना हजार तास तापवून मग आतल्या नोंदी शाबूत आहेत का ते वाचायचं. तिची पाच वर्षांची मेहनत मी एका बटणाने मातीत घातली होती. सांगायचं धाडस झालं नाही.

परीक्षेला मी मागच्या बाकावर बसलो. पडद्यावर तापमानाची रेघ आली. सरळ चालता चालता धाडकन खाली.

"इथे काय झालं?" परीक्षकबाईंनी विचारलं.

मी उभाच राहिलो. "भट्टी मी बंद केली. तिची चूक नाही. तिची पदवी अडवू नका."

"बाबा, बसा हो!" लेक म्हणाली. "मॅडम, खाली लिहिलंय. भट्टी सोळा दिवस बंद होती, ते तास धरले नाहीत. पुन्हा तापवून हजार पुरे केले. एकही नोंद पुसली गेली नाही."

"कोणी बंद केली ते नाही लिहिलं," बाईंनी टोकलं.

"वडिलांची तक्रार प्रबंधात कशी करू?"

सगळे हसले. बाई म्हणाल्या, "चिपा मधे थंड होऊनही टिकल्या. उत्तमच." पदवी मिळाली.

बसमध्ये मी विचारलं, "ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस?"

"चार्जर आणायला दुसरं कोण गेलं होतं? आणि बोलू कधी? आई गेल्यापासून 'जेवलीस का'च्या पुढे तुम्ही गेलात कुठे?"

खरं होतं. मग मी सांगितलं, ही पहिल्यांदा भेटली तेव्हा सायकलच्या पंपावरून माझ्याशी भांडली होती.

"आई कधी बोलली नाही!"

"बोलेल कशी? चूक तिची होती."

लेक हसता हसता रडली. आमचा थांबा मागे गेला. दोघांनाही दिसला, पण कोणीच उठलं नाही.