पाठ फोडण्याआधीची सुई

गुड फ्रायडेला आमच्या गावचे पुरुष पापांचं प्रायश्चित्त म्हणून काचेने पाठ फोडून घेतात आणि बांबूच्या कांड्यांचा चाबूक स्वतःवर ओढत रस्त्याने चालतात. मी नर्स. त्यांना कोण अडवणार? म्हणून सकाळीच चर्चच्या दारात टेबल मांडते. आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, मग काय फोडायचं ते फोडा.

सगळे घेतात. यंदा दोमेंग अडून बसला.

"शिक्षा घ्यायला आलोय, ताई. जिवाला जपायला नाही."

गेल्या पावसाळ्यात त्याच्या धाकट्या भावाच्या पायात गंजका खिळा घुसला होता. दोमेंगने जखमेवर पेरूचा पाला बांधला, माझ्याकडे आणलं नाही. आठवड्याने पोराची दातखीळ बसली, ती सुटलीच नाही.

"देवाला तुझं मढं नकोय, मूर्खा," मी म्हटलं. "दंड पुढे कर."

तो ढिम्म हलेना. तेवढ्यात त्याची म्हातारी आई रांग मोडून पुढे आली.

"तू नुसता बांधलास रे," ती म्हणाली. "पाला चावून मी दिला होता. सुई कशाला, असं मीच म्हटलं होतं. आता तुलाही घालवू?"

दोमेंगने दंड पुढे केला. मी सुई टोचली. ओळख लपवायला सगळे बांधतात तसं तोंडाला फडकं बांधता बांधता तो थांबला.

"आई, तुझ्या वाटचे फटके मी मारून घेऊ?"

"नको," म्हातारी म्हणाली. "माझे माझ्यापाशीच राहू देत."