कानाखालचा अंगठा

मी मातीचा कप आहे. बोलायला लागलोय म्हणून गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. गोड बोलणारे मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्याच पायी माझी फरफट झाली.

माझा जन्म गेंट शहरातला. कालव्याकाठी एक बंद पडलेली सूतगिरणी आहे. तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लुटगार्ट नावाची कुंभारीण काम करते. साठीकडे झुकलेली, रुंद हाडाची बाई. केस सुतळीने बांधलेले. कलावंत मंडळी मातीशी प्रेमाने बोलतात, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. लुटगार्ट मातीला शिव्या द्यायची. मला चाकावर घेतलं तेव्हा मी जरा एका बाजूला कललो, तर म्हणाली, "सरळ बस मेल्या, नाहीतर परत गोळा करून टाकीन." मी सरळ बसलो.

तिच्या डाव्या हातावर एकदा भट्टीतली फरशी पडली होती. अंगठ्याचं हाड वाकडंच जुळलं. कपाला कान जोडताना ती त्याच वाकड्या अंगठ्याने कानाखाली दाब द्यायची, त्यामुळे तिथे एक खळगा पडायचा. कप धरला की पिणाऱ्याचा अंगठा आपोआप त्या खळग्यात जाऊन बसे. कुणाचा खळगा उथळ, कुणाचा खोल. तो दिवस तिला कसा गेला त्यावर अवलंबून. मला कान जोडला त्या दिवशी सकाळीच तिचं शेजारच्या सुताराशी कडाक्याचं भांडण झालं होतं. माझा खळगा सगळ्यांत खोल आहे.

भट्टीबद्दल फार सांगत नाही. आत गेलो तेव्हा राखाडी होतो, बाहेर आलो तेव्हा काळपट हिरवा. मध्ये जे झालं ते तुम्हाला सोसवलं नसतं.

आम्हा सगळ्या कपांना फिर्मिन घेऊन गेला. त्याचं 'हंसाची चोच' नावाचं छोटं कॉफीघर जुन्या गल्लीत आहे. फिर्मिन टकला, पोट सुटलेला, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपल्या घरात घुसलेला चोर अशा नजरेने बघणारा. भिंतींवर गल्लीतल्या चित्रकारांची चित्रं टांगलेली, कारण भिंतीला ओल होती आणि ती झाकायची होती. कुणी दूध जास्त मागितलं की तो म्हणायचा, "कॉफी प्यायला आलायस की अंघोळीला?" तरी माणसं रोज यायची. ट्राम चालवणारे, कालव्यावरचे नावाडी, समोरच्या पुस्तकांच्या दुकानातली म्हातारी. कॉफी यायची, तिच्यासोबत एक दालचिनीचं बिस्किट यायचं, माणसं प्यायची, मुकाट्याने निघून जायची. त्यांचे ओठ, त्यांचे अंगठे मला पाठ होते.

लुटगार्टही रोज यायची आणि फिर्मिनशी भांडायची.

"तुझे कप विटांसारखे जड आहेत," तो म्हणायचा.

"तुझी कॉफी पातळ आहे. कपाला तरी वजन हवं ना!"

हे असं दोघांचं चालायचं. पण तिने मला हातात घेतलं की तिचा वाकडा अंगठा खळग्यात असा बसायचा, जसा पाय जुन्या चपलेत बसतो. ते मला आवडायचं. मला आवडलेल्या गोष्टी फार नाहीत, म्हणून सांगितलं.

मग तिबो आला.

तिबो पंचविशीचा, लोकरी टोपी घालणारा, हसरा. 'आपलं शहर शोधू या' म्हणत तो दर शनिवारी माणसांचा घोळका घेऊन फिरायचा. छोटी कॉफीघरं, हाताने चालणारा छापखाना, चित्रकारांच्या खोल्या, बाहुल्या बनवणाऱ्याचं दुकान. अरे, शोधू या म्हणजे काय? फिर्मिनचं दुकान तिथेच होतं. हरवलेलं नव्हतं.

घोळका यायचा आणि आमच्यावर वाकायचा. कॉफी समोर, पण पिणार कोण? आधी खिडकीच्या उजेडात माझे फोटो. मग बिस्किट माझ्या कानाला टेकवून फोटो. मग मला दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, जणू फार मोठं दुःख झालंय अशा चेहऱ्याचे फोटो. तोवर माझ्यातली कॉफी थंडगार होऊन तिच्यावर साय धरायची. ट्रामवाले दारातूनच गर्दी बघून परत फिरायचे. पुस्तकांच्या दुकानातली म्हातारी एकदा आत आली, उभी राहिली, आणि कुणी तिचाही फोटो काढला तेव्हा निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

तिबो मला उचलून सगळ्यांना सांगायचा, "हे हाताचं काम. मशीनच्या हजार कपांत असला एक ठेवा, मी डोळे मिटून ओळखतो."

लुटगार्ट कोपऱ्यातून म्हणाली, "डोळे उघडून ओळखलंस तरी पुष्कळ झालं."

घोळका हसला. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

आणि फिर्मिन? त्याच्यावर माझा जास्त राग आहे. त्याच्या तुसडेपणाची कीर्ती झाली. लोक शिव्या खायला यायला लागले, आणि तो हौसेने द्यायला लागला. आधी तो चिडायचा. आता चिडण्याचं सोंग करायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा, हसले की नाही. तिबो त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "काका, आज रंगात नाही वाटतं तुम्ही!" आणि काका रंगात यायचे.

पुढच्या वसंतात घोळक्यातली एक बाई कॉफी पिताना किंचाळली, "अय्या! तुमच्याकडेही तेच कप? तुम्हीही 'ओल्या हातांनी'मधूनच घेतले का?"

तिने पिशवीतून पुठ्ठ्याचा डबा काढला, डब्यातून कप काढला आणि माझ्या शेजारी ठेवला. तोच काळपट हिरवा रंग, तोच जाड ओठ. कानाखाली खळगासुद्धा.

लुटगार्ट उठून आली. तिने तो कप हातात घेतला, उलटा केला. बुडाला तिची खूण होती. ती काडीने ओढते तशीच, तीन रेघांची, पण साच्यात उठवलेली. मग तिने आपला अंगठा त्या खळग्यात घातला. तो बसला. अगदी बरोबर बसला. मी इतकी वर्षं तिला बघतोय, तिचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता. स्वतःचाच हात कुणी कापून दुकानात मांडावा आणि तो आपल्याला ओळखू यावा, तसं काहीतरी.

"हा खळगा उथळ आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "हा खिडकीजवळच्या टेबलावरचा कप. फिर्मिन, तो कप कुठाय?"

फिर्मिन फडकं पिळत राहिला.

"कुठाय म्हणते मी!"

"दिला," तो म्हणाला. "तिबोला. नाताळात. पोरगा इतकी गिऱ्हाइकं आणतो, एक कप मागितला, दिला. मला काय माहीत तो त्याचा साचा काढेल?"

"तुला काय माहीत! तुला स्वतःचं तोंड तरी कुठे तुझं राहिलंय? तेही त्यालाच विकलंस तू."

या वेळी कुणी हसलं नाही. लुटगार्टने टेबलावरून मला उचललं, माझ्यातली उरलेली कॉफी कुंडीत फेकली, स्कार्फने मला आतून पुसलं आणि मला तसंच हातात धरून बाहेर पडली. पाऊस भुरभुरत होता. ट्रामच्या रुळांवरून ती अशी चालली की सायकलवाल्यांनी घंटा वाजवायचं धाडस केलं नाही.

'ओल्या हातांनी' हे दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. दारातच मातीचा वास सोडलेला. कसा सोडतात देव जाणे, पण तो मातीचा नव्हता. आत फळ्यांवर ओळीने माझे जुळे. सगळ्यांचे खळगे सारखे. गिऱ्हाइकांच्या घोळक्यात तिबो उभा होता. दुकानात त्याची भागीदारी होती.

लुटगार्टला बघून त्याचं हसू क्षणभर लटपटलं, मग जागेवर आलं. "अरे वा! ज्यांच्यापासून आम्हाला प्रेरणा मिळाली त्या बाई!"

"प्रेरणा? माझी खूण बुडाला मारलीस आणि प्रेरणा?"

"बाई, तीन रेघा आहेत त्या. रेघांवर कुणाची मालकी असते का?"

"आणि अंगठा?"

"अंगठा सगळ्यांनाच असतो," तिबो म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

ती वळली. दाराशी रखवालदार आडवा आला. "मावशी, कप ठेवा. बिल दिसत नाही."

"हा माझा आहे. मीच बनवलाय."

"सगळे असंच म्हणतात."

"वास घे याचा. आत्ता यात कॉफी होती."

"कॉफी इथेही मिळते, मावशी."

ती तिबोकडे वळली. एका शब्दाने तो तिला सोडवू शकला असता. तो फोनमध्ये बघत होता. सगळं दुकान तिच्याकडे बघत होतं, म्हातारी चोर सापडली म्हणून. वाटलं, आता ही मला जमिनीवर आपटणार. आपटलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

पण ती फळीपाशी गेली. आमच्याकडे पाठ करून उभं राहायला तिने तिबोला सांगितलं. का कोण जाणे, तो राहिला. तिने मला जुळ्यांच्या रांगेत ठेवलं.

"आता वळ. डोळे मिटायची गरज नाही, चांगले उघडे ठेव. यातला माझा ओळख आणि मला दे. तो घेऊन मी जाते, परत येणार नाही."

तिबो हसत पुढे झाला. त्याचा हात माझ्यावरून गेला. त्याने माझ्या डावीकडचा एक उचलला, वजन केल्यासारखं केलं, मान डोलावली आणि तिच्यापुढे धरला. "हा. हाताचं काम लपत नाही."

लुटगार्टने तो घेतला नाही. ती फक्त हसली. तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते ऐकून कुणालाही बरं वाटलं नसतं.

"ठेव तुलाच," ती म्हणाली आणि रिकाम्या हाताने पावसात निघून गेली. मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर तिबोला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी तिबो फळीपाशी आला आणि एकेक कप उचलून बघू लागला. माझी पाळी आली. त्याचा अंगठा माझ्या खळग्यात शिरला, नेहमीपेक्षा जास्त आत गेला. तो थबकला. मी म्हटलं, संपलं.

"हा बिघडलेला निघालाय," त्याने विक्री करणाऱ्या मुलीला सांगितलं. "खालच्या टोपलीत टाक."

त्या टोपलीत, फुटक्या-तुटक्यांमध्ये मी बरेच दिवस पडून होतो. तिथूनच तिबोची कुरकुर ऐकली. फिर्मिनने त्याला घोळक्यासकट हाकललं, आणि या वेळी ते सोंग नव्हतं. लुटगार्ट आता बिनकानाचे कप बनवते. 'हंसाची चोच'मध्ये त्यांतच कॉफी मिळते, बोटं भाजतात. कुणी तक्रार केली की फिर्मिन म्हणतो, "मग घरी जा."

मला ओडील नावाच्या विधवेने नेलं. स्वस्त होतो म्हणून. ती लुटगार्टला ओळखत नाही, गल्ल्या शोधत फिरत नाही, तिच्या घरात एक चित्र नाही. सकाळी मला भरते, पिते, मोरीत आदळते. ओठांचा रंग नीट धूतही नाही. तिच्याबद्दल मला माया वगैरे काही नाही.

पण तुम्हाला एक विनंती आहे, आणि मी विनंती क्वचित करतो. कधी तिच्याकडे गेलात आणि मला ओळखलंत, तर गप्प बसा. मी कुणाच्या हातचा आहे हे तिला सांगू नका. सांगितलंत तर ती मला धुऊन, पुसून काचेच्या कपाटात ठेवेल.