आठपट हळू

भीमराजआण्णांच्या बैलाला आजवर काठी शिवली नाही, असं अख्खा पारनेर तालुका सांगायचा, आणि सगळ्यात मोठ्यानं सांगायची त्यांची लेक निकिता. पाखऱ्याला तिनं वासरू असल्यापासून हातानं पेंड चारली होती. आण्णांनी पाठीवर हात ठेवला की त्याची कातडी थरथरायची. केवढी ती माया, असं तिला वाटायचं.

यात्रेतल्या शर्यतीत आण्णांनी स्वतः गाडी हाकली आणि पाखऱ्या पहिला आला. कल्याणमामानं निशाणाजवळ उभं राहून मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ आण्णांनी तिच्यापुढं धरला.

"निके, तुझ्या त्या काळ्या पाटीवर हळू करून दे. गावाच्या ग्रुपवर टाकायचाय."

निकिता नागापूरच्या एका कारखान्यात संगणकावर कामाला. माऊसला हात न लावता, काळ्या पडद्यावर नुसती आज्ञा टाईप करून व्हिडिओ ताणायचा तिला भारी नाद. तिनं एक ओळ लिहिली, एंटर मारलं. व्हिडिओ चौपट हळू झाला.

"आजून हळू कर. माझी मान कशी ताठ हाय, दिसू दी की."

तिनं आकडा बदलून आठ केला. पाखऱ्याचा पाय हवेतच रेंगाळला. तोंडातला फेस लोंबत सुटला. मागं आण्णांची मूठ त्याच्या मांडीवर टेकली आणि उठली. बोटांतून खिळ्याचं टोक बाहेर आलेलं, त्याला रक्त. मूठ पुन्हा टेकली.

निकितानं व्हिडिओ तिथंच थांबवून खिळ्यावर बोट ठेवलं.

"मशीननंच घातलं आसंल ते," आण्णा म्हणाले.

"मशीन नुसतं हळू करतं, आण्णा. खिळा न्हाई टोचत."

"बरं, मग तेवढं काप. समदेच करत्यात. मुकं जनावर, त्येला काय कळतंय!"

तिला शिसारी आली. नुसती बापाचीच नव्हे, स्वतःच्या फुशारकीचीही आली. तिनं काही कापलं नाही. जाऊ दे एकदाची अब्रू, म्हणत व्हिडिओ तसाच ग्रुपवर टाकला. आण्णांचा चेहरा पांढराफटक पडला.

फोन वाजू लागला. अंगठे, हार, फुलं. "आण्णांचा नाद न्हाई करायचा!" ज्या रंभाजीतात्यांनी 'काठी न लावणारा गडी' म्हणून आण्णांना फेटा बांधला होता, त्यांनी विचारलं, "आण्णा, खिळा कंचा वापरता? आमच्या बी बैलाला बघतो."

आण्णांच्या जिवात जीव आला. त्यांनी ते हसत हसत मोठ्यानं वाचलं आणि बक्षिसाच्या पेढ्यांतला एक उचलून लेकीच्या तोंडापुढं धरला. दुसरा हात मायेनं तिच्या पाठीवर ठेवला.

निकिताची कातडी थरथरली.