कडेने दिसणारे मासे

“बाई, मासे इकडे आहेत,” दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला.

ताई टाकीसमोर उभी होती खरी, पण तिचं तोंड होतं भिंतीकडे. भिंतीवर पंख्याचं बटण होतं आणि खिळ्याला एक जुनी छत्री अडकवलेली होती. त्या छत्रीकडे ती टक लावून बघत होती.

“कळलंय मला,” ती म्हणाली. “तो पांढरा, उंच. शिडासारखे पंख पसरून सावकाश वळतोय ना, तो हवाय.”

दुकानदाराला गल्लीत सगळे बुडबुडे म्हणत. टाक्यांच्या त्या अखंड बुडबुड आवाजात सारा जन्म गेल्यामुळे तो स्वतःही थोडं मोठ्यानेच बोलायचा. त्याने प्रश्नार्थक नजरेने शेजारी उभ्या असलेल्या ताईच्या धाकट्या बहिणीकडे पाहिलं.

“तिला कडेनं दिसतं,” धाकटी हळूच म्हणाली. “सरळ बघितलं की जातं.”

ताईच्या डोळ्यांचा पडदा मधोमध विरत चालला होता. ज्याच्याकडे बघावं तिथे धुरकट डाग येई आणि नजर बाजूला नेली की तीच वस्तू डागाच्या काठाशी उमटे. माणसाकडे बघितलं की चेहरा जाई, कान उरत. “तुझे कान इतके छान आहेत हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय,” असं ती धाकटीला म्हणायची आणि स्वतःच हसायची.

एकतीस वर्षं तिने सरकारी कचेरीत नकाशे गिरवले. टेबलाखाली दिवा, वर काच, काचेवर कागद. तिचा हात कापत नसे म्हणून नद्या तिच्याकडे यायच्या. डोंगरातून निघालेली केसाएवढी रेघ खाली येता येता जाड होत समुद्राला मिळे, तोवर ताई श्वाससुद्धा बेताने घेई. त्यातली एकही नदी तिने डोळ्यांनी पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर दीड वर्षाने एका सकाळी दाराची चौकट तिला मध्येच वाकलेली दिसली. तिला वाटलं, लाकूड फुगलं असेल.

मासे पाळायची कल्पना तिचीच. ती इंजेक्शनं घ्यायला जाई त्या नेत्रालयात थांबायच्या खोलीत एक टाकी होती आणि तिथून ती नेहमी खुशीत परतायची.

“हलतं ते मला दिसतं,” ती म्हणाली होती. “मासे हलतात. तू हलत नाहीस. नुसती उभी राहून काळजी करतेस.”

टाकी तीन आठवडे आधीच घरी आली होती, पण त्या दिवशी बुडबुडेने मासे द्यायला चक्क नकार दिला होता. “आधी पाणी मुरू द्या. वाळू, झाडं, फिल्टर चालू ठेवा आणि विसरून जा. नव्या पाण्यात मासा टाकलात तर आठवड्यात जाईल. मग मला शिव्या घालाल.”

तीन आठवडे ताई रिकाम्या टाकीपुढे बसली. दुपारचं ऊन खिडकीतून पाण्यात उतरे आणि छताला पाण्याची जाळी थरथरत राही. ताई खुर्चीत मान मागे टाकून ते बघे. छत खूप मोठं होतं, कुठूनही बघितलं तरी काही ना काही कडेला उरायचंच. धाकटी दवाखान्यातून ड्यूटी संपवून आली की तिला वाटे, आपलंच घर, पण तळ्याच्या तळाशी जाऊन बसलंय. चपला काढतानासुद्धा ती आवाज करत नसे.

मग तो पांढरा एंजल मासा आला आणि त्याच्यासोबत सहा काळ्या मॉली. पांढऱ्या वाळूवर त्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसत, म्हणून ताईने निवडलेल्या. वॉर्डातल्या नर्सनी विचारलं, “खायचे की बघायचे?” धाकटी म्हणाली, “बघायचे. तेसुद्धा न बघता.” कुणाला काही कळलं नाही.

एंजल कधी घाईत नसे. झाडांमागून यायचा, थांबायचा, जणू कशाला आलो ते विसरलाय, आणि पुन्हा मागे सरायचा. ताई त्याच्याकडे पाठमोरी बसल्यासारखी बसे आणि गुणगुणे.

एका रविवारी ताई आडवी झाली होती, तेवढ्यात धाकटीने टाकीतलं पाणी बदललं. बादली दिवसभर भरून ठेवायची, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडू द्यायचं आणि मगच ओतायची, हे बुडबुडेने बजावलेलं. धाकटीला इस्त्री करायची होती, दुसऱ्या दिवशीचा डबा करायचा होता. तिने नळाचं पाणी तसंच ओतलं. मॉली कशाबशा सावरल्या. सोमवारी सकाळी एंजल वाळूवर आडवा पडलेला होता.

धाकटीने त्याला ओंजळीत घेतलं. पाण्यात ताटाएवढा वाटायचा, हातात पानाएवढा भरला. गच्चीतल्या कुंडीत तिने त्याला पुरला, हात धुतले, युनिफॉर्म घातला आणि ताईला चहा देताना म्हणाली, “आज स्वारी झाडामागे बसलीये.”

मग रोजच काही ना काही सांगावं लागलं. आज वर आला होता. आज मॉलीवर धावून गेला. आज खूप खाल्लं. धाकटीला बोलता बोलता तो खरंच दिसायला लागला. कामावर पट्ट्या गुंडाळतानाही मनाच्या एका कोपऱ्यात तो पांढरं शीड सावकाश वळवायचा.

अकराव्या दिवशी तिची सुट्टी होती. दुपारी ताईने विचारलं, “एंजल कुठंय?”

“आत्ताच होता. खाऊन झाडामागे गेला.”

“काय गं,” ताई म्हणाली, “जिवंत होता तेव्हा एवढा खात नव्हता.”

धाकटीच्या हातातली उशी आणि अभ्रा तसेच राहिले.

“कधी कळलं?”

“सोमवारीच. एवढं पांढरं हलणारं घरात दुसरं काय आहे? तुझा युनिफॉर्म सोडून.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, बघू किती दिवस जगवतेस.” ताईने हात लांबवून उशी काढून घेतली आणि मांडीवर ठेवली. “आता डोळ्यांचं सांग.”

“डोळ्यांचं काय?”

“डॉक्टर माझ्याशी बोलतात तो आवाज वेगळा. दाराबाहेर तुझ्याशी बोलतात तो वेगळा. मला दिसत नाही, ऐकू येतं.”

फिल्टरचा आवाज चालू होता. अभ्र्याची घडी करत धाकटी म्हणाली, “इंजेक्शनांचा उपयोग नाही म्हणाले. मधलं परत येणार नाही. कडेचं राहील.”

“राहील?”

“राहील.”

“खरं? की एंजलसारखं?”

“खरं, ताई. शपथ.”

“आणि डोळ्यांना विश्रांती द्यायची, मग इंजेक्शनं पुन्हा सुरू करायची, ते?”

“ते माझ्या मनचं.”

“किती दिवस झाले?”

“चार महिने.”

ताईचा आवाज चढला, तोही क्षणभरच. “माझे डोळे आहेत ना ते? मला न विचारता तू ठरवलंस?”

“आई गेली तेव्हा तू मला काय सांगितलं होतंस?” धाकटी म्हणाली. “गावाला गेलीये. पाहुण्यांकडे.”

“तू सात वर्षांची होतीस.”

“मला माहीत होतं.”

“कधी कळलं?”

“त्याच दिवशी. तू माझी वेणी घालत होतीस आणि तुझे हात कापत होते.”

छतावरची जाळी हळूहळू भिंतीवर सरकली. मग ताई म्हणाली, “लायब्ररीची दोन पुस्तकं आहेत कपाटावर. मी आपली मुदत वाढवत बसले होते. उद्या परत करून ये. दुसरं कुणी वाचेल.”

शनिवारी त्या बुडबुडेकडे गेल्या. त्याने एंजलची टाकी दाखवली, तर ताईने नकारार्थी मान हलवली.

“दुसरं काय आहे?”

“गौरामी बघा. म्हणजे...” तो गडबडला. “याच्या पोटाखाली दोन लांब धागे असतात, बाई. काही समोर आलं की आधी त्यांनी चाचपून बघतो आणि मगच पुढे जातो.”

“कुणालाही चाचपतो?”

“तुम्ही बोट घातलंत तर तुम्हालाही. घाबरला नाही तर.”

त्याने झाकण उचललं. ताईने बाही वर केली आणि बोट पाण्यात धरलं. ती वाट बघत राहिली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, गेलं. मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

“हा,” ती म्हणाली. “आमचं जमेल.”

पुढच्या रविवारी धाकटी उठली तेव्हा आदल्या दिवशी भरलेली बादली जागेवर नव्हती. ताई टाकीशी उभी होती, बाही खांद्यापर्यंत दुमडलेली. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं खालच्या रिकाम्या बादलीत. पाणी कुठवर उतरलं ते ती दंडावर मोजत होती. कोपरापर्यंत आल्यावर नळी चिमटून तिने बाहेर काढली. मग मुरलेलं पाणी तांब्याने, काचेला धरून, धार वाळूवर पडू न देता ओतायला लागली. गौरामी तिच्या मनगटाभोवती फिरत होता, धागे पुढे करून.

“मी करू?” धाकटीने विचारलं.

“नको. तुझं पाणी कच्चं असतं.”

तिच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं, फरशीवर छोटं तळं साचलं होतं. धाकटी फडकं घ्यायला वाकली आणि थांबली. फडकं ताईच्या खांद्यावर होतं. धाकटी खुर्ची ओढून बसली आणि तिने आपला चहा हातात घेतला.